ओट्याचा दगड: आधी सिंक-शेगडीमधला पट्टा बघा, रंग सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्वयंपाकघर नव्याने करायचं आहे. ट्रॉल्यांची शटर ऑफ-व्हाइट ठरली आहेत, जमीन फिकट करडी आहे आणि ती बदलायची नाही, खिडकी एकच आणि तीही पूर्वेला. ताईंना पांढरा मार्बल हवा आहे, त्यांच्या मिस्टरांना काळा ग्रॅनाइट. फर्निचरवाल्याचं म्हणणं, पांढरा क्वार्ट्झ घ्या म्हणजे वादच मिटला. दोन्ही वेळचा स्वयंपाक घरात होतो आणि सासूबाईही ओट्यापाशी उभ्या असतात. मग नेमकं काय घ्यावं आणि कोणत्या रंगाचं?

ताई, मी 22 वर्षं ओटे बसवतो आहे. ओटा खराब झाला म्हणून जे फोन येतात, त्यातले बहुतेक एकाच पट्ट्यातले असतात: सिंकपासून शेगडीपर्यंतचा दीड-दोन मीटरचा तुकडा. बाकीचा ओटा वर्षानुवर्षं नवाकोरा राहतो. म्हणून दगड निवडायचा तो या पट्ट्यासाठी. दुकानात जाण्याआधी एक आठवडा तुमच्या आत्ताच्या ओट्याकडे नीट बघा. त्यावर काय सांडतं, काय गरम ठेवलं जातं आणि सांडलेलं किती वेळाने पुसलं जातं? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सांडल्या सांडल्या पुसणाऱ्या घरात जवळजवळ कोणताही दगड टिकतो. सांडलेलं दोन तास तसंच राहत असेल तर निवड एकदम आखूड होते, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. रांधणाऱ्या बाईला दर पाच मिनिटांनी फडकं घ्यायला लावणारा ओटा चांगला कसा म्हणायचा?

आता मार्बल. तुमच्या मनात तोच आहे, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्साइट, कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल पडलं की दगडाचा वरचा थर विरघळतो. पाहायचं असेल तर मार्बलचा पॉलिश केलेला तुकडा घ्या, त्यावर अर्धं लिंबू उपडं ठेवा आणि दहा मिनिटांनी उचलून पुसा. समोरून बघाल तर काहीच दिसणार नाही. तुकडा तिरका धरून उजेडाकडे बघितलात की लिंबाच्या आकाराचा मंद, चकाकी गेलेला गोल दिसेल, आणि बोट फिरवलंत तर तिथे किंचित खरखरीत लागेल. तो डाग नव्हे. डाग म्हणजे दगडात काहीतरी मुरणं, इथे दगडच गेलेला असतो. त्यामुळे तो कितीही धुतलात तरी जात नाही, पुन्हा घिसाई आणि पॉलिश करावं लागतं. सीलर मारला की मार्बल सुरक्षित होतो, असं तुम्हाला सांगितलं जाईल. सीलर तेल आणि रंग आत मुरण्याचा वेग कमी करतो. आम्लाने पडणारे हे चट्टे तो थांबवत नाही. त्यात मार्बल मऊ, खनिजांच्या कडकपणाच्या 1 ते 10 च्या मोह्स मोजपट्टीवर तो 3 च्या आसपास. साधी सुरीसुद्धा त्यावर रेघ ओढते. ज्यांना हे चट्टे आणि रेघा वापराची खूण म्हणून आवडतात, त्यांना मी मार्बल आनंदाने बसवून देतो, तोही पॉलिश न करता मॅट, म्हणजे चट्टे कमी उठून दिसतात. पण पहिल्या चट्ट्याला ज्यांचा जीव हळहळेल, त्यांनी तो सिंक-शेगडीच्या मध्ये घेऊ नये.

पांढऱ्या क्वार्ट्झने वाद मिटेल, हे अर्धंच खरं आहे. क्वार्ट्झ म्हणून जो स्लॅब विकला जातो तो खाणीतून तसा निघत नाही. खनिजाचा चुरा वजनाने साधारण 90 टक्के किंवा जास्त आणि बाकी रेझिन, म्हणजे चुरा बांधून ठेवणारं प्लास्टिकसारखं चिकट द्रव्य, आणि रंग. हे सगळं कंपन आणि दाब देऊन कारखान्यात थापलं जातं. त्याचे गुण याच रचनेतून येतात. तो पाणी, तेल फारसं पित नाही, सीलर लागत नाही, लिंबू-व्हिनेगरने त्यावर काही होत नाही. रोजच्या कामाला तो खरंच सुखाचा. त्याची दुखरी बाजूही त्याच रेझिनमुळे. साधारण 150 अंश सेल्सियसच्या पुढे रेझिनला इजा व्हायला लागते, आणि तळणीचं तेल 170 ते 190 अंशांवर असतं. एका घरी मी पांढरा क्वार्ट्झ बसवला आणि तिसऱ्या आठवड्यात बोलावणं आलं. शेगडीच्या उजवीकडे, कढईच्या बुडाएवढं फिकट पिवळं कडं उमटलं होतं. दोन मिनिटांसाठीच ठेवली होती, असं त्या सांगत होत्या, आणि ते खरंच असणार. मी बारीक पॅड फिरवून बघितलं, पण पिवळेपणा वरवरचा नव्हताच. शेवटी त्या जागी कायमची स्टीलची जाळी ठेवावी लागली. क्वार्ट्झ घेताना मी याबद्दल तोंडी सांगितलं होतं. तेव्हापासून मी हातात तुकडा देऊन दाखवतो आणि शेगडीच्या दोन्ही बाजूंना गरम भांड्यासाठी जागा आखून घेतो. थेट ऊन पडत असेल तर हाच रेझिन वर्षांनुवर्षांत पिवळा पडू शकतो. तुमची खिडकी पूर्वेची आहे. सकाळचं ऊन ओट्यावर कुठपर्यंत येतं ते बघून ठेवा.

क्वार्ट्झबद्दल अजून एक गोष्ट, जी ग्राहक विचारत नाहीत आणि मला मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो कोरडा कापला की सिलिकाची अत्यंत बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, पण प्रमाण बरंच कमी. कारखान्यातल्या या स्लॅबमुळे कारागीर इतके आजारी पडले की ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्याच्या उत्पादनावर, विक्रीवर आणि बसवण्यावर बंदी आणली. आता कमी सिलिकाचे, काचेचा चुरा वापरलेले स्लॅबही मिळतात, तुमच्याकडे मिळत असतील तर जरूर विचारा. तुम्ही कोणताही दगड घ्या, कापणी पाणी सोडूनच होऊ द्या, आणि घरात ग्राइंडर कोरडा चालवणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. सिंकचं कटिंग वर्कशॉपमध्येच करून आणायला सांगितलं तर तुमचं घरही धुळीपासून वाचतं.

तुमच्या मिस्टरांचा काळा ग्रॅनाइट कामाला दणकट आहे, यात शंका नाही. ज्याला आपण काळा ग्रॅनाइट म्हणतो तो शास्त्राच्या हिशेबाने बहुधा ग्रॅनाइट नसतोच. गॅब्रो किंवा डोलेराइट जातीचे घट्ट, बारीक कणांचे दगड या नावाने विकले जातात. घट्ट असल्यामुळे ते तेल-पाणी कमी पितात आणि गरम भांड्याला डगमगत नाहीत. तरीही मी भांड्याखाली काहीतरी ठेवा असंच सांगतो. कारण सिंकजवळची दगडाची पट्टी अरुंद असते, आणि थंड, ओल्या पट्टीवर एकदम तापलेलं भांडं आलं तर तडा जायची शक्यता तिथेच जास्त. काळ्यात फसवणूकही होते. करड्या दगडाला रंग किंवा तेल चोळून काळा करून विकतात. पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन पॉलिशच्या बाजूने घासा. फडकं काळं झालं तर तो स्लॅब घेऊ नका. सिंकपाशी काही महिन्यांतच तो राखाडी दिसू लागतो आणि मग त्याला काही उपाय राहत नाही.

नमुन्याचा तुकडा मागून घरी आणा. तो देत नसतील तर दुसरं दुकान बघा. घरी त्यावर पाण्याचे थेंब टाका आणि पंधरा मिनिटं थांबा. थेंबाखालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितो, मग सीलर लागणार आणि अधूनमधून पुन्हा मारावा लागणार. दुसऱ्या कोपऱ्यात लिंबाचा थेंब टाका, तिसऱ्या कोपऱ्यात तेल, आणि रात्रभर राहू द्या. क्वार्टझाइटच्या नावाने काही दाखवलं तर ही परीक्षा चुकवू नका. खरा क्वार्टझाइट म्हणजे उष्णतेने आणि दाबाने घट्ट झालेला वाळूचा दगड, ग्रॅनाइटइतकाच किंवा त्याहूनही कडक. त्याच्या फुटक्या कडेने काचेवर ओरखडा उमटतो आणि लिंबाने त्याला काही होत नाही. पण मार्बलसारख्याच शिरा असलेले मऊ, डोलोमाइटचे दगडही याच नावाखाली बाजारात फिरतात. काचेवर ओरखडा उठला नाही तर नाव काहीही असो, तो मार्बलच समजून वागा.

बाकीच्या पर्यायांवर पटकन नजर टाकू. सिंटर्ड स्लॅब, म्हणजे सुमारे 1200 अंशांवर भाजलेली मोठी पातळ लादी, उष्णता, ऊन आणि डाग या तिन्हींना भारी आहे. पण कडा ठिसूळ, जड भांडं कडेवर आपटलं तर टवका उडतो, आणि काही स्लॅबमध्ये नक्षी फक्त वरच्या थरावर असते, त्यामुळे टवका लगेच डोळ्यांत भरतो. कापणारा या मालाचा सराव असलेलाच हवा. ॲक्रिलिकचा सॉलिड सरफेस, ज्याला सगळे कोरियन (Corian) या ब्रँडच्या नावानेच ओळखतात, 1960च्या दशकात ड्युपाँट कंपनीने शोधून काढला. त्यात सांधा दिसत नाही आणि ओरखडे घासून काढता येतात. गरम भांड्याला मात्र तो क्वार्ट्झपेक्षाही हळवा. लॅमिनेट स्वस्त आणि हलकं, पण सिंकच्या कडेने पाणी आत शिरलं की खालचा बोर्ड फुगतो आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाही. लाकूड हाताला सुखद, पण त्याला तेल देत राहावं लागतं आणि सिंकपासून लांब ठेवावं लागतं. सोपस्टोन आम्लाला अजिबात दाद देत नाही, प्रयोगशाळांच्या टेबलांवर तो त्याच कारणाने बसवला जायचा, पण नखानेही ओरखडेल इतका मऊ असू शकतो. स्टील घ्यायचं तर 304 ग्रेडचं घ्या आणि त्यावर ब्लीच साचू देऊ नका. ओरखडे पडणारच, सगळीकडे सारखे पडले की ते खुपत नाहीत.

आता रंग. इथे होणारी चूक सगळ्यांची एकच असते: नमुना दुकानात, उभा धरून, तिथल्या लख्ख पांढऱ्या दिव्याखाली बघणं. तुमचा ओटा आडवा असणार, कमरेच्या वर असणार आणि उजेड त्यावर तुमच्या खिडकीतून, तुमच्या दिव्यातून पडणार. म्हणून नमुना घरी आणा आणि ओट्याच्या उंचीवर सपाट ठेवा. एका बाजूला शटरचा तुकडा उभा करा. खाली जमीन दिसू द्या. मग सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा, तेही बसून नको, जिथे उभं राहून भाजी चिरता तिथूनच. 2700 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली उबदार वाटणारा करडा 4000 केल्विनच्या दिव्याखाली निळसर दिसतो. त्यामुळे दिवे अजून ठरले नसतील तर ते आधी ठरवा, आणि सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा, 90च्या पुढचे घ्या, म्हणजे दगडाचा आणि चिरलेल्या भाजीचा रंग खरा दिसेल.

तुमच्या बाबतीत इथे एक अडचण आहे, जी फर्निचरवाल्याच्या लक्षात आलेली दिसत नाही. ऑफ-व्हाइट शटरला पिवळ्याची झाक असते. तिच्या शेजारी शुभ्र पांढरा क्वार्ट्झ ठेवला की शटर जुनी, मळलेली दिसायला लागतात. एकटी बघितलीत तर शटर छान, एकटा बघितलात तर दगड छान, आणि शेजारी ठेवले की दोघांचंही नुकसान. पांढऱ्याची झाक ओळखायची तर नमुन्याखाली छपाईचा कोरा पांढरा कागद सरकवा. दगड पिवळा, निळा, हिरवा की गुलाबी, ते लगेच कळतं. शटर पिवळसर झाकीची असतील तर दगडही उबदार झाकीचा हवा.

काळ्याचं गणित वेगळं. पॉलिश केलेला काळा दगड आरशासारखा वागतो. तुम्ही भिंतीवरच्या कपाटाखाली एलईडी पट्टी लावणार असाल, आणि आजकाल सगळेच लावतात, तर त्या पट्टीचा एकेक ठिपका ओट्यात उतरलेला दिसेल. पट्टीला दुधी झाकण लावा किंवा दगडाचं फिनिश मॅट घ्या. काळ्यावर धूळ, पिठाचा कण, हाताचे ठसे आणि जड पाण्याचे पांढरे गोल उठून दिसतात. जड पाण्याचे गोल सौम्य व्हिनेगरने निघतात, मार्बलवर मात्र ते चुकूनही लावायचं नाही. शिवाय गडद दगड उजेड गिळतो. एकाच खिडकीच्या खोलीत पूर्ण काळा ओटा केलात तर दिवे वाढवावे लागतील, नाहीतर सासूबाईंना सुरीचं पातं आणि ओटा वेगळे ओळखायला त्रास होईल. वयस्कर डोळ्यांना आणखी एक गोष्ट लागते: ओट्याची कड जमिनीवर उठून दिसली पाहिजे. फिकट करड्या जमिनीवर फिकट करडाच ओटा आला की ती कड हरवते आणि भांडं अर्धवट बाहेर ठेवलं जातं. हा मुद्दा मी पुस्तकात वाचलेला नाही, माझ्या आईच्या हातून फुटलेल्या काचेच्या बरणीने मला तो शिकवला.

नक्षीबद्दल एवढंच की मोठ्या शिरांचा दगड आणि मोठ्या नक्षीच्या डॅडो टाइल्स एका ओट्यावर आणू नका, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. बारीक ठिपक्यांचा, मध्यम रंगाचा दगड चुरा आणि थेंब झाकतो, म्हणून तो कामाला सोपा. पण पोळपाट उचलल्यावर खाली काय राहिलंय ते त्यावर हातानेच चाचपावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

फिनिशमध्ये माझा कल लेदर फिनिशकडे आहे, म्हणजे किंचित उंचसखल, मंद चकाकीचं. ठसे दिसत नाहीत, दिव्याची तिरीप डोळ्यांत येत नाही. फार खोल लेदर मात्र घेऊ नका, खाचांत तेल बसतं. नमुन्यावर ओलं फडकं फिरवून बघा, ते अडकलं तर फिनिश नको तितकं खोल आहे.

रंग ठरला की पूर्ण स्लॅब प्रत्यक्ष बघायला जा. तळहाताएवढ्या तुकड्यात शिरा दिसतच नाहीत. ज्या शिरेवर तुमचं मन बसलं आहे, ती नेमकी सिंकच्या भोकात जाऊन टाकून द्यावी लागली, असं अनेकदा होतं. स्लॅबवर खडूने सिंक, शेगडी आणि सांधे आखून घ्या. सांधा सिंकच्या किंवा शेगडीच्या भोकातून कधीही नको. भोकाचे आतले कोपरे गोल हवेत, कारण काटकोनी कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. 20 मिलिमीटरचा ग्रॅनाइट चौरस मीटरला सुमारे 54 किलो भरतो, तेव्हा ट्रॉल्यांचा सांगाडा सपाट आणि पक्का हवा. माप ट्रॉल्या बसवून, लेव्हल झाल्यावरच घेऊ द्या, आणि सिंक, शेगडी त्या वेळी घरात हजर असू द्या. कंपनीच्या कागदावरच्या मापावर भोक कापलं आणि पाच मिलिमीटर कमी पडले की मग घरातच ग्राइंडर चालतो. ओट्याची कड शटरपेक्षा अडीच-तीन सेंटिमीटर पुढे ठेवा आणि तिच्या खालच्या बाजूला बारीक खाच मारून घ्या, म्हणजे पाणी शटरवर न ओघळता खाली पडेल. ही खाच मारायला अर्धा तासही लागत नाही, आणि शटरचं आयुष्य वाढतं.

आता तुमच्यासाठी माझं मत. सिंक ते शेगडी आणि त्यापुढचा सगळा मोठा ओटा उबदार झाकीच्या, मध्यम ते गडद करड्या ग्रॅनाइटचा घ्या. कण बारीक, फिनिश हलकं लेदर. तो तुमच्या शटरला मळकं करत नाही, जमिनीवर कड दाखवतो, काळ्याइतका उजेड खात नाही, आणि सासूबाईंनी घाईत पातेलं उतरवून ठेवलं तरी कुणाच्या पोटात गोळा येत नाही. आणि तुमचा पांढरा मार्बल सोडू नका. सिंकपासून लांबच्या टोकाला साठ-सत्तर सेंटिमीटरचा तुकडा मार्बलचा करा. दगड थंड असतो, कणीक मळायला आणि लाटायला त्याच्यासारखी जागा नाही, आणि तिथे लिंबू क्वचितच येईल. दोन्ही दगडांची जाडी एकच ठेवायची, नाहीतर सांध्यात पायरी येते. मिस्टरांना काळाच हवा असेल तर तो सिंटर्ड किंवा मॅट ग्रॅनाइटमध्ये बघा, आणि दिव्यांचा खर्च त्याच हिशेबात धरा.

कापणी झाली की सिंकच्या भोकातून निघालेला तुकडा कारागिराकडून मागून घ्या, पैसे आपलेच असतात. त्याची कड घासून घेतलीत तर गरम भांडी ठेवायला पाट तयार होतो. उरलेला छोटा तुकडा मात्र शेवटच्या ट्रॉलीत जपून ठेवा. कधी टवका उडाला तर भरणीचा रंग त्याच्याशी जुळवता येतो, आणि कोणतंही नवं क्लिनर आधी त्याच्यावर ओतून बघता येतं.